फ्यूज शाबूत, पेटी जळालेली

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी टाटीबंधहून घरी परतताना आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट मंदावले आणि डॅशबोर्डखालून जळका वास आला. गाडी कडेला घेऊन फ्यूज पाहिले, तर सगळे शाबूत. मात्र त्यांना धरणाऱ्या क्लिपा काळ्या पडल्या होत्या आणि पेटीचा एक कोपरा वितळला होता. सुट्टीवर आलेल्या आमच्या कॅडेटने विचारले, "बाबा, पेटी जळली, मग फ्यूज का नाही उडाला?"

प्रश्न रास्त होता. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की फ्यूज स्वतः वितळतो आणि तारा वाचवतो. इथे करंट वाढलाच नव्हता. वाढला होता तो गंजलेल्या, ढिल्या क्लिपमधला रोध. हिशेब वर्गात शिकवतात तोच आहे : करंटचा वर्ग गुणिले रोध. १० अँपिअर करंट आणि क्लिपपाशी ०.१ ओहम रोध धरा. नखाएवढ्या जागेत सतत १० वॅट उष्णता तयार होते आणि १२ पैकी १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. म्हणून दिवे मंद आणि पेटी गरम. पहारेकरी जागा होता, पण त्याची चौकीच कोणी तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन सल्ले मिळाले. एक म्हणाला, "जाड तार गुंडाळून टाका, कटकट मिटेल." हा सल्ला सरळ धोक्याचा आहे. पुढे शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. दुसरा म्हणाला, "मूळ पेटीला हात लावू नका, गाडीची किंमत जाते." ही भावना मला कळते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरची ही गाडी. मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये निवृत्त झाली. मूळ भाग आता सहज मिळत नाहीत.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने क्लिपा घासा, त्यांचा ताण ठीक करा आणि पेटी वापरा. पण क्लिपेतला ताण गेला असेल किंवा बैठक करपली असेल, तर पेटी बदला. अस्सलपणासाठी घरच्या माणसांचा जीव पणाला लावू नये.

आम्ही बदलली. आधी बॅटरीची अर्थची तार सोडली, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली, फोटो काढले आणि मगच स्क्रू सैल केले. नवी पेटी आजच्या चपट्या फ्यूजची घेतली. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीप्रमाणे ठरवला. इथे जपावे लागते : इंग्रजी बनावटीच्या जुन्या गाड्यांतल्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असते, पण तो उडण्याचा आकडा, सतत पेलायची क्षमता १७ चीच. तिथे आजचा ३५ चा फ्यूज लावला तर संरक्षण निम्मे होते. शेवटी अर्धा तास दिवे चालू ठेवून पेटीला हात लावून पाहिला. थंड होती.

कॅडेट मित्रहो, तुम्ही रायफल बिघडल्यावर साफ करत नाही, आधीच करता. घरच्या गाडीलाही तोच नियम लावा. आमच्या मुलाने करपलेली पेटी फेकली नाही. ती त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, आणि दर सुट्टीत तो आल्या आल्या बोनेट उघडतो.