बंदीची यादी वाढली, आता हिशेब हवा

प्रति,
मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : जनावरांना व कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची जिल्हावार नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

जुलै 2019मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिनच्या पशुपालनातील वापरावर बंदी घातली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णावर बाकीची औषधे चालेनाशी झाली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. तेच कोंबडीच्या खाद्यात वजन वाढावे म्हणून मिसळले जात होते. त्यानंतर क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावरही निर्बंध आले. हे निर्णय योग्य आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या कोंबड्यांना, गायीम्हशींना आणि शेळ्यांना मिळून किती किलो प्रतिजैविके दिली गेली, त्यातली किती आजारावर आणि किती आजार होऊ नये म्हणून, याचा आकडा लोकांसमोर नाही. 2019च्या पशुगणनेनुसार राज्यात सात कोटींहून अधिक कोंबड्या होत्या. पक्ष्यांची गणती होते, त्यांना दिलेल्या औषधाची होत नाही. एकेका औषधावर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही; एकूण वापर मोजला तरच तो कमी करता येईल, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

बंदीचा उपयोग होतो, हे आधी मान्य करतो. चीनने 2017मध्ये पशुखाद्यातले कोलिस्टिन थांबवले आणि डुकरांमधल्या कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण दोनेक वर्षांत सुमारे 34 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. मात्र डेन्मार्कचा अनुभव अधिक बोलका आहे. तिथे 1995मध्ये अव्होपार्सिन या वाढवर्धक प्रतिजैविकावर बंदी आली, कारण त्याच्या वापरामुळे माणसांसाठीच्या व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे जिवाणू तयार होत होते. कोंबड्यांमध्ये अशा जिवाणूंचे प्रमाण पाच वर्षांत 70 टक्क्यांच्या वरून सहा टक्क्यांच्या आसपास उतरले. डुकरांमध्ये मात्र बंदीनंतरही ते हलेना. शोध घेतला तेव्हा कळले, की डुकरांना टायलोसिन नावाचे दुसरेच औषध चालू होते आणि दोन्ही औषधांना तोंड देणारी जनुके जिवाणूच्या एकाच प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, शेजारीशेजारी होती. टायलोसिन देत राहिले की व्हॅन्कोमायसिनविरोधी जनुकही आपोआप टिकत होते. 1998च्या सुमारास टायलोसिनचा वापर घटला आणि मगच डुकरांमधले प्रमाण खाली आले. यादीतले एक नाव खोडले आणि दुसरे चालू ठेवले तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. डेन्मार्कने त्यानंतर, 2000पासून, पशुवैद्यकीय औषधांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. 2010मध्ये ज्या डुक्करपालकांचा वापर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जातो त्यांना ‘पिवळे कार्ड’ देण्याची पद्धत आली. नेदरलँड्सने तर 2009च्या तुलनेत चारच वर्षांत पशुपालनातल्या प्रतिजैविकांची विक्री निम्म्याहून खाली आणली. प्रत्येक गोठ्याचा आणि प्रत्येक पशुवैद्यकाचा आकडा समोर ठेवल्यामुळे हे शक्य झाले.

आपल्याकडे नियंत्रणाचा भर आहे तो दूध, अंडी आणि मांसातल्या औषधाच्या अंशावर. ही तपासणी हवीच. पण औषध दिल्यावर ठरावीक दिवस थांबून कोंबडी विकली तर मांस तपासणीत निर्दोष ठरते आणि तिच्या आतड्यात तयार झालेले प्रतिरोधक जिवाणू मात्र तसेच राहतात. ते कोंबडीखतातून शेतात, सांडपाण्यातून ओढ्यात आणि कामगारांच्या हातांवरून घरात पोहोचतात. अंशाची तपासणी यातले काहीच पाहत नाही. शिवाय करार पद्धतीच्या ब्रॉयलर व्यवसायात पिल्ले, खाद्य आणि औषधे तिन्ही कंपनीकडून येतात. शेतकरी शेड, वीज, पाणी आणि मेहनत देतो. खाद्यात काय मिसळले आहे हे अनेकदा त्यालाही माहीत नसते. अशा वेळी जबाबदारी त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे : दोन गायींवर घर चालवणाऱ्याला आधीच दुधाचा भाव परवडत नाही, त्यात औषधावर निर्बंध म्हणजे त्याचे कंबरडे मोडणे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आजारी जनावराला औषध मिळालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. डेन्मार्कमध्येही वाढवर्धक बंद झाल्यावर दूध तुटलेल्या डुकरांच्या पिलांमध्ये हगवण वाढली आणि काही काळ उपचारासाठी अधिक औषध लागले. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मी सरसकट बंदी मागत नाही. नोंदीचा भार छोट्या पशुपालकावर टाकण्याचीही गरज नाही. पशुऔषधांचे घाऊक विक्रेते, खाद्यकारखाने आणि करार कंपन्या मोजक्या आहेत, आणि त्यांची बिले जीएसटीसाठी तशीही बनतात. त्यांनी दर तिमाहीला औषधनिहाय किलोग्रॅममध्ये आकडा द्यावा, एवढ्याने सुरुवात होईल.

दुसरा आक्षेप असा, की माणसेच दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके घेतात, मग दोष गोठ्याला का? माणसांचा गैरवापर मोठा आहेच. प्रतिरोधामुळे 2019 या एका वर्षात भारतात सुमारे तीन लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यात रुग्णालयांचा वाटा ठळक आहे. पण जिवाणू गोठा आणि घर असा भेद करत नाहीत. कोंबड्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सॅसिन शरीरात अंशतः सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येच बदलते, आणि हे तर आपल्या घरातले नेहमीचे औषध. अमेरिकेने 2005मध्येच कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केले.

औषधविक्री अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, ती आपल्या हातात नाही, असेही आपण म्हणू शकाल. खरे आहे. पण जनावर आपल्याकडे आहे. कानातला बारा अंकी बिल्ला आहे, नोंदीसाठी भारत पशुधन प्रणाली आहे, गावोगाव दवाखाने आहेत. आपल्या दवाखान्यात दिलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकावर करायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागत नाही. नोंद झाली की कोणत्या तालुक्यात कासदाहासाठी सर्वाधिक औषध जाते हे दिसेल. तिथे धार काढल्यावर सड औषधी द्रावणात बुडवणे, गोठा कोरडा ठेवणे, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ शिकवते तो कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप, यांवर पैसा खर्च करता येईल. आकडा नसेल तर हीच प्रशिक्षणे सगळीकडे थोडीथोडी वाटली जातात आणि कुठेच पुरत नाहीत.

तेव्हा विनंती अशी, की अन्न व औषध प्रशासनासोबत बसून घाऊक विक्रीची तिमाही नोंद सक्तीची करण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, आपल्या दवाखान्यांतली नोंद येत्या आर्थिक वर्षापासून सुरू करावी आणि पहिला जिल्हावार अहवाल, तो अपुरा असला तरी, लोकांसाठी खुला करावा.

आपला,
एक नागरिक