टपालाची पाटी

डोमेन म्हणजे दारावरची पाटी आणि होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा, एवढे आता शाळकरी मुलांनाही समजते. परंतु त्याच पाटीवर बारीक अक्षरांत टपालाचा पत्ताही असतो, याची दखल पुष्कळ जाणती मंडळी घेत नाहीत. गिऱ्हाइकांच्या पाट्यांवरची ही बारीक अक्षरे सांभाळणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

ही पाट्यांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली मांडली. आज प्रत्येक डोमेनची एक वही असते. तीत वेबसाइट कोठे राहते ते सांगणारी ओळ निराळी आणि टपाल कोठे द्यावे ते सांगणारी निराळी. या दुसरीला एमएक्स म्हणतात. दुकान दादरला आणि टपाल घ्यायला ठाण्याचा मेहुणा, असा संसार येथे सुखाने चालतो. घोटाळा होतो तो बिऱ्हाड बदलताना.

डोंबिवलीच्या एक बाई दिवाळीचा फराळ परदेशी धाडतात. मागण्या बहुतेक ईमेलने येतात. ऐन हंगामात त्यांच्या भाच्याने नवी, देखणी वेबसाइट केली, आमच्याकडे जागा घेतली आणि नवी वहीही आपल्याच हाताने भरली. एमएक्सची ओळ तेवढी उतरवायची राहिली. ती ओळ नसली, की टपाल आणणारा वेबसाइटच्याच दारी जातो. तेथील यंत्राने पत्रे घेतली आणि कोणी न उघडणाऱ्या पेटीत टाकली. पाठवणाऱ्यांना वाटले, पोचली! चार दिवसांनी बाई आल्या, त्या तक्रार घेऊन नव्हे. म्हणाल्या, "चकलीचा फोटो बदलून द्याल का? यंदा लोकांना आमची चकली आवडेनाशी झालेली दिसते."

पेटी उघडली, तर आत सत्तावीस पत्रे! चकलीला कोणीही नावे ठेवली नव्हती. फोटो जुनाच ठेवला.

हरवलेले टपाल आवाज करीत नाही, आणि माणूस दोष स्वतःला देऊन बसतो. म्हणून बिऱ्हाड हलवण्यापूर्वी आम्ही जुन्या वहीतली ओळ न् ओळ उतरवून घेतो. प्रत्येक ओळीला सेकंदांत मोजलेली मुदत असते. ती ८६,४०० असेल, तर ओळ बदलल्यावरही जग दिवसभर जुनाच पत्ता घोकत राहते. तेव्हा दोन दिवस आधी तो आकडा ३०० वर आणावा आणि जुनी पेटीही आठवडाभर चालू ठेवावी.

हे झाले येणाऱ्या पत्रांचे. जाणाऱ्या पत्रांना ओळख लागते. आपल्या नावाने पत्रे धाडण्याची मुभा कोणत्या यंत्रांना आहे, ती यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावरची मोहोर म्हणजे डीकेआयएम. दोहोंपैकी एकही जुळले नाही, तर पत्राचे काय करावे, हा हुकूम म्हणजे डीमार्क. बाईंच्या वहीत एसपीएफच्या दोन ओळी निघाल्या, एक जुन्या जागेची, एक नव्या. एका नावाला ही ओळ एकच हवी. दोन दिसल्या, की तपासणारा दोन्ही बाद धरतो. दोन्ही याद्या एका ओळीत बसवल्या, तेव्हा बाईंची उत्तरे लोकांच्या स्पॅममध्ये पडायची थांबली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. लहानांकडेही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असावेच लागते.

दिवाळीच्या साफसफाईत या वहीतली एखादी ओळ जुनाट आणि अगम्य दिसली, तरी एकदम पुसू नका. ती कोणाचे टपाल आणते ते आधी विचारा. आणि फराळ आटोपला, की घरातल्या तरुण मंडळींकडून तीन गोष्टी एका कागदावर लिहवून घ्या : डोमेन कोणाच्या नावावर आहे, टपाल कोठे उतरते, आणि आपल्या नावाने पत्रे कोण कोण धाडते. कागद कपाटात, विजेच्या बिलांशेजारी ठेवावा. तेथे तो वेळेवर सापडतो.