सरकारी उत्तर वाचायचं कसं: काय मोजलं, कुणाला मोजलं, कधी मोजलं



आज पिकाची नोंद बाजूला ठेवतो आणि घराच्या हिशोबावर लिहितो.

संसदेचं अधिवेशन आलं की महागाई, नोकऱ्या, लोकांची बचत यावर प्रश्न येतात. मंत्री आकडे देतात, समोरचे खोटं म्हणतात, आपण मोबाईलवर बोट सरकवून पुढे जातो. मी दहावी शिकलेला माणूस, अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण गेली काही वर्षं ही उत्तरं नीट वाचतोय. माझं मत असं झालंय की आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो, तो फक्त आपल्या घराचा नसतो. म्हणून उत्तर हातात आलं की तीन गोष्टी तपासायच्या: काय मोजलं, कुणाला मोजलं आणि कधी मोजलं.

आधी बचत घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेचे आकडे आले. 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या 5.1 टक्क्यांवर आली होती. आदल्या वर्षी ती 7.2 टक्के होती. निव्वळ म्हणजे बँक, विमा, पीएफ, शेअर यात टाकलेल्या पैशातून नवीन कर्ज वजा करून उरलेलं. टाकलेले 10.9, कर्ज 5.8, उरले 5.1. यावर अर्थ मंत्रालयाचं म्हणणं होतं की काळजीचं कारण नाही, लोक कर्ज काढून घरं आणि गाड्या घेतायत.

डोंबिवली, कल्याण, बदलापूरला हे उत्तर लागू पडतं. पगारदार माणूस वीस वर्षांचा हप्ता बांधून फ्लॅट घेतो, त्याचं कर्ज वाढतं पण मागे घर उभं राहतं. आता त्याच इमारतीच्या पलीकडे आमच्याकडे या. इथे कर्ज काढलं जातं ते बियाणं, खत, दवाखाना आणि कॉलेजच्या फीसाठी. बायकोचा दागिना गहाण पडतो. त्यातून मागे काही उभं राहत नाही. पण दोन्ही कर्जं एकाच रकान्यात बसतात.

उलटंही होतं. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यात आमणेला येऊन संपतो. त्या रस्त्यात शहापूर, कल्याण, भिवंडीच्या कितीतरी शेतकऱ्यांची जमीन गेली आणि मोबदला बँकेत आला. त्या घराची आर्थिक बचत कागदावर वाढली. खाचर गेलं, ते त्या रकान्यात कुठेच दिसत नाही. काय मोजलं हे बघायचं ते एवढ्यासाठी.

आता महागाई. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के निघाला, त्या मालिकेतला सगळ्यात कमी. सगळीकडे कौतुक झालं. जीएसटी कमी झाला होता हे त्याचं एक कारण. आदल्या ऑक्टोबरात भाज्या कडाडल्या होत्या, त्यामुळे तुलनेत त्या महिन्याचे भाव खाली दिसले हे दुसरं. पण आकडा फोडून बघा. खाण्याच्या वस्तू वर्षभरात 5 टक्क्यांनी उतरल्या आणि भाजीपाला 27 टक्क्यांहून जास्त. शहरातल्या ताईंसाठी ही पिशवीतली बचत आहे, आणि ती त्यांना मिळावी, माझी तक्रार नाही. पण ती भाजी पिकवतं कोण? ज्याला सरकार महागाई उतरली म्हणतं, तेच माझ्या पट्टीवर भाव पडला म्हणून लिहिलेलं असतं. हमाली, तोलाई, टेम्पोभाडं त्या महिन्यात 27 टक्क्यांनी उतरलं नाही. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि कापून ठेवलेलं भात खाचरात भिजलं. शेतकरी एकाच वेळी विकणारा आणि विकत घेणारा असतो, पण महागाईच्या आकड्यात त्याला फक्त विकत घेणारा म्हणून धरतात.

आणखी एक. त्या मालिकेचा पाया 2012 चा होता. ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला वजनच नव्हतं, कारण गावात माणूस स्वतःच्या घरात राहतो असं धरलं होतं. आमच्या भागातली किती पोरं डोंबिवली, ठाण्याला खोली भाड्याने घेऊन राहतात आणि भाड्याचे पैसे गावच्या घरातून जातात, ते मोजा.

रोजगाराचं उत्तर तर घरोघरी लागू पडेल असं आहे. सरकारी सर्वेक्षणात 2017-18 ला बेरोजगारी 6 टक्के होती, 2023-24 ला 3.2 टक्के. बायकांचा कामातला सहभाग 23.3 वरून 41.7 टक्के झाला. पण कामावर कुणाला धरलं? वर्षभरात महिनाभर, म्हणजे तीस दिवस काम केलेला माणूसही त्यात कामावर धरला जातो. घरच्या शेतात पैशाशिवाय राबणाराही धरला जातो. माझा मुलगा पदवीधर आहे. चार महिने भिवंडीकडे गोदामात कंत्राटावर जातो, बाकीचे दिवस नोकरी शोधतो आणि मधेमधे माझ्याबरोबर शेतात असतो. सरकारी व्याख्येत आमच्या घरात बेरोजगार एकही नाही. राब भाजण्यापासून मळणीपर्यंत हात लावणारी आमची मंडळीही कामावर. त्यांना धरलं हे चांगलंच, त्यांचं काम इतकी वर्षं कुणी मोजतच नव्हतं. पण काम आहे आणि कमाई आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच सर्वेक्षणात पगारी नोकरीवाले 22.8 वरून 21.7 टक्क्यांवर आले, आणि स्वतःचं काम करणारे 52.2 वरून 58.4 वर गेले. शेतीतला वाटाही 44.1 वरून 46.1 टक्के झाला. मुंबईच्या इतक्या जवळ राहून पोरगं शेतीत परत येत असेल, तर ते आवडीने आलं की दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलं, हे आकडा सांगत नाही.

शेवटचं, कधी मोजलं. शेतकऱ्याच्या उत्पन्नावर विचारलं की महिन्याला 10,218 रुपये हा आकडा पुढे येतो. महाराष्ट्राचा 11,492. हा हिशोब 2018-19 सालचा, कोरोनाच्याही आधीचा. त्यात पिकातून 3,798 आणि मजुरीतून 4,063 होते, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरी जास्त. त्यानंतर नाबार्डचा 2021-22 चा अंदाज आला, शेतकरी कुटुंबाला महिन्याला 13,661. तोही आता जुना झाला. भाताचा हमीभाव मात्र दरवर्षी नवा लागतो. 2025-26 ला 69 रुपयांनी वाढून 2,369 झाला. त्यासाठी धरलेला खर्च देशाच्या सरासरीचा. आमच्याकडे लावणीला माणूस पाचशेच्या खाली येत नाही, वर जेवण आणि चहा. बाजूला गोदामं आणि बांधकामं असताना तो का येईल? रोहयोची मजुरी त्याच वर्षी 312 होती.

मग करायचं काय? नुसतं सरकारला नावं ठेवून उपयोग नाही. जसा प्रश्न तसंच उत्तर येतं. महागाई वाढली का असं विचारलं की देशाची सरासरी मिळते. आपल्या खासदार-आमदारांना प्रश्न लेखी द्या, आणि असा द्या की सरासरीत निसटता येणार नाही. ठाणे जिल्ह्यात भाताचा एकरी खर्च गेल्या पाच वर्षांत किती झाला? पगाराशिवाय घरच्या शेतात काम करणारे तरुण किती? पीककर्ज सोडून शेतकऱ्यावर बाकी कर्ज किती? माहिती ठेवलेली नाही असं उत्तर आलं, तरी ते कागदावर येऊ द्या. ते दाखवून सर्वेक्षण मागता येतं.

आणि कृषी सहायक, शास्त्रज्ञ मंडळींना एक विनंती. प्रात्यक्षिकाचा खर्च लिहिता तेव्हा घरच्या माणसांचे दिवसही लिहा, बाईचे वेगळे लिहा. आम्हीही पिकाच्या वहीला जोडून घराची वही ठेवू: दवाखाना, फी, व्याज, भाडं. पन्नास घरांच्या अशा वह्या एका गावात असल्या, तर पुढच्या वेळी उत्तर आलं की ते आपल्या घराशी ताडून बघता येईल.