दारातला डबा, नियम कुणाचा?

गणपती जवळ आले की कारंज्याच्या बाजारात पावतीपुस्तकं फिरायला लागतात. पण मागणारे वर्षभर येतच असतात. कधी गोरक्षणवाले, कधी अन्नदानवाले, कुठं पूर आला की मदतफेरी काढणारी कॉलेजची पोरं. गुरुमंदिरामुळे दूरदूरचे भाविक या गावात येतात, त्यामुळे देणं-घेणं इथं नवीन नाही. प्रश्न वेगळाच आहे. दुकानाच्या दारात कुणाला उभं राहू द्यायचं, हे ठरतं कसं?

खरं सांगायचं तर चेहरा बघून. वट असलेला दादा आला की पाचशे एकची पावती मुकाट्यानं फाटते. आजारी वर्गमैत्रिणीसाठी डबा घेऊन आलेल्या पोरींना मात्र ऐकावं लागतं, "मालक नाहीत, उद्या या." दुकानदार वाईट असतो असं नाही. त्याच्याकडे नियमच नसतो, म्हणून जो जास्त भारी पडतो त्याचं काम होतं.

अमेरिकेत हाच वाद मोठ्या पातळीवर झाला. तिथं 'सॅल्व्हेशन आर्मी' ही संस्था १८९१ पासून नाताळात लाल किटली टांगून, घंटा वाजवून गरिबांसाठी पैसे जमवते. २००४ मध्ये 'टार्गेट' या दुकानसाखळीनं आपल्या दारातली ही घंटा बंद केली. दारात कुणीच पैसे मागायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता; सूट फक्त या एका संस्थेला होती. मग इतर संस्थाही विचारायला लागल्या, आम्हाला का नाही? टार्गेटनं सूटच काढून टाकली. टीका भरपूर झाली. नियम सगळ्यांना सारखा झाला, पण थंडीत ज्यांना त्या पैशांची गरज होती त्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच.

आपल्याकडे मधली वाट निघू शकते, कारण अर्धा नियम कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार, नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. म्हणजे "परवानगी दाखवा" म्हणणारा दुकानदार कंजूष नसतो, तो कायद्याचंच बोलत असतो. आणि दुकानाची पायरी मालकाची असली तरी समोरचा रस्ता नगर परिषदेचा आहे. तिथं वाट अडवून उभं राहायचा हक्क ना मंडळाला, ना दुकानदाराला.

उरलेला अर्धा नियम दुकानदारांनी एका कागदावर लिहून दारात लावावा. एका दिवशी एकच गट, आधी विचारेल त्याचा नंबर आधी. परवानगी किंवा नोंदणीचा कागद दाखवायचा. गिऱ्हाइकाच्या मागं लागायचं नाही. यामुळे दादाला नाही म्हणायला आधार मिळतो आणि त्या पोरींना हो म्हणायला कारण.

आपली बाजूही तपासायला हवी. डब्याला सील आहे का? क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक खात्याचा तर नाही ना? फेरी संपल्यावर किती जमले आणि कुठं गेले, हे आपण किती वेळा सांगतो? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. दिलेल्या पैशाचं काय झालं, ते लोकांना डोळ्यांनी दिसलं.

म्हणून पुढची मदतफेरी काढाल तेव्हा दोन कागद सोबत ठेवा. एक परवानगीचा, जाण्याआधी दाखवायला. दुसरा हिशेबाचा, आठवड्याभरात त्याच दुकानाच्या दारात चिकटवायला. दुसरा कागद लावलात, तर पुढच्या वर्षी "उद्या या" ऐकायची वेळ बहुधा येणार नाही.