मजल आणि किलोमीटर

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ हे आकडे आपण शेजारी शेजारी वाचतो आणि पहिल्याला वेगाने भागले की दुसरा मिळतो असे गृहीत धरतो. शालेय गणितात ते खरेही असते. प्रवासवर्णन वाचणाऱ्याने, विशेषतः ते वर्गात शिकवणाऱ्याने, या गृहीतकाकडे जरा संशयाने पाहावे असे मला वाटते.

हेलसिंकी आणि टोकियो ही दोन शहरे घ्या. त्यांच्या विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. ते बदललेले नाही. १९८३ साली फिनएअरने येथे विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हा तिला सोव्हिएत आकाश खुले नव्हते. विमान उत्तर ध्रुवावरून जाऊन बेरिंगच्या सामुद्रधुनीकडून खाली उतरे. तेरा तासांच्या आसपास लागत. युरोपातून जपानला जाणारी इतर कित्येक विमाने तर इंधनासाठी अलास्कातील अँकरेजला थांबत. पुढे सैबेरियावरची वाट मोकळी झाली, प्रवास दहा तासांच्या आत आला आणि या जवळिकीच्या भरवशावर त्या कंपनीने आशियातला आपला व्यवसाय वाढवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी आणि रशियाने परस्परांच्या विमानांना आकाश बंद केले. मार्चमध्ये टोकियोचे विमान पुन्हा ध्रुवाकडे वळले. पुन्हा सुमारे तेरा तास. विमान नवे, इंजिने अधिक समर्थ, अंतर तेच. वेळ मात्र १९८३ चा! चिनी कंपन्यांची विमाने त्यानंतरही रशियावरून जात राहिली. म्हणजे युरोपातून बीजिंग किती लांब, हे विमान कोणत्या देशाचे आहे यावर ठरू लागले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांनाही याचा प्रत्यय आला.

जुन्या मराठीची 'मजल' या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. घाटातली मजल आखूड, देशावरची लांब. चढ, चिखल, ओढ्याचे पाणी, सारे त्या मापातच धरलेले. (आपल्या भाषेत अंतर 'पडते' आणि माणूस माणसाला अंतर 'देतो' हेही विसरू नये.) किलोमीटरमध्ये यातले काहीच शिरत नाही.

आपल्या प्रवासवर्णनांत विमानातले तास बहुधा जेवण, झोप आणि शेजारचा प्रवासी एवढ्यात आटोपतात. समीक्षकही थेट मुक्कामावर उतरतो आणि निसर्गवर्णनाचे गुण मोजू लागतो. विमान कोणत्या देशावरून गेले आणि कोणता देश टाळून गेले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बोटीच्या काळातील लेखक सुएझ कालवा गाळत नसे; त्याला तो दिसतच असे. आकाशातला वळसा दिसत नाही, म्हणून तो लिहायचा राहतो. असो. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र मात्र फिनएअरने १९८३ च्या प्रवाशांना दिले होते, तसे २०२२ च्या प्रवाशांनाही दिले.