गुणगौरवाच्या फलकावर कोणाचे नाव?

परीक्षांचे निकाल लागले, निरनिराळ्या कंपन्यांच्या मुलाखतींची धामधूम आटोपली, की आपल्या विद्यापीठांतील वाणिज्य आणि व्यवस्थापन विभागांत गुणगौरव समारंभांना भरते येते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शनपर भाषण आणि प्रवेशद्वारावर भलामोठा रंगीत फलक. फलकावर विद्यार्थ्याचे छायाचित्र, त्याखाली कंपनीचे नाव आणि त्याखाली, नावापेक्षाही ठळक अक्षरांत, वार्षिक वेतनाचा आकडा. प्राध्यापकांच्या वाट्याला दुसरा फलक असतो. त्यावर वर्षभरात कोणाचे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, कोण किती परिषदांना उपस्थित राहिले, याची संख्या असते.

या कौतुकाला आक्षेप असण्याचे कारण नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले, त्या घराला वेतनाच्या आकड्याचे अप्रूप वाटणारच. मुलाच्या शिक्षणासाठी बापाने कर्ज काढलेले असते, आईने गळ्यातले गहाण ठेवलेले असते. पैशाला तुच्छ लेखण्याचा उपदेश अशा घरांना करणे हा दांभिकपणाच ठरेल. आपल्या परंपरेनेही अर्थाला चार पुरुषार्थांत स्थान दिले आहे. प्रश्न वेगळा आहे. समाजाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाने 'यश' कशाला म्हणावे, हा तो प्रश्न. विभाग ज्याचा सत्कार करतो, त्यासारखे होण्याचा प्रयत्न पुढच्या वर्षीचे विद्यार्थी करतात. म्हणून फलकावर काय लिहायचे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

आपल्याच मुंबईतले उदाहरण घेऊ. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. आशियातील हे पहिले वाणिज्य महाविद्यालय. आज ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे. या महाविद्यालयात नोव्हेंबर १९१८ मध्ये एक तरुण प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवण्यासाठी रुजू झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, पण लंडनमधील अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट सोडावा लागलेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या प्राध्यापकाचे नाव. प्रारंभी काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. परंतु त्यांचा व्यासंग आणि विषयाची मांडणी पाहून लवकरच अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच वेळी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या सामाईक भांड्यातील पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. ज्ञानमंदिरातील ही घटना हिंदू समाजाने विसरता कामा नये. विद्यार्थ्यांनी गुण ओळखले आणि विद्वान म्हणवणाऱ्यांनी जात पाहिली!

सव्वा-दीड वर्षाच्या त्या नोकरीत बाबासाहेबांनी काटकसरीने पैसे साठवले. त्यात छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि एका मित्राच्या कर्जाची भर घातली आणि मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन ते अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला रवाना झाले. दरम्यान जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू झाले होते. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी. या प्रस्तावनेत कॅनन यांनी शिष्याशी असलेला आपला मतभेद लपवला नाही, आणि त्याच्या विचारातील ताजेपणाची तारीफ करण्यातही हात आखडता घेतला नाही. पुढे भारतीय चलनाच्या चौकशीसाठी १९२५ साली हिल्टन यंग आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस करणारा तो हाच आयोग. १९३५ साली रिझर्व्ह बँक अस्तित्वात आली.

वाणिज्य शिकवणाऱ्या एका अध्यापकाचे हे कर्तृत्व कोणत्या रकान्यात बसवायचे? शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या आजच्या पद्धतीत त्यांच्या वाट्याला किती गुण आले असते, हे एखाद्या कुलसचिवांनी सवडीने काढून पाहावे.

दुसरे नाव धनंजयराव गाडगीळ यांचे. केंब्रिजमध्ये शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा पहिल्यापासूनचा संचालक. संस्थेने पुणे शहराची, आसपासच्या खेड्यांची घरोघर जाऊन पाहणी केली. आकडेवारी साहेबाच्या ग्रंथातून उचलायची नाही, आपल्या माणसांकडून गोळा करायची, हा त्यांचा शिरस्ता. पण गाडगीळ तेथेच थांबले नाहीत. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील या फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या शेतकऱ्याने सहकारी साखर कारखान्याचे स्वप्न पाहिले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पन्नासच्या सुमारास कारखान्याचे धुराडे पेटले. सहकाराचे पुढे राजकारणात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तो या लेखाचा विषय नव्हे. प्राध्यापकाचे ज्ञान आणि शेतकऱ्याचे शहाणपण एका बैठकीवर बसले, ही गोष्ट मात्र त्यामुळे खोटी ठरत नाही.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे नाव निघाले की सर्वांना वेतनाचे डोळे दिपवणारे आकडे आठवतात. पण या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ साली संचालकपद आपणहून सोडले आणि त्याच संस्थेत ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले, हे किती जणांना ठाऊक आहे? खुर्ची सोडणे ही आपल्याकडे किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे सांगायला नको. पुढे १९७५ मध्ये ते राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात गेले आणि तेथील विणकर व चर्मकार यांच्याबरोबर काम करू लागले. त्याच संस्थेतील प्रा. अनिल गुप्ता यांनी 'हनी बी' हे जाळे उभारले आणि १९९८ पासून शोधयात्रांच्या निमित्ताने विद्यार्थ्यांसह खेडोपाडी पायपीट केली. कारागिरांनी आणि शेतकऱ्यांनी लावलेले शोध, त्यांच्या नावानिशी, त्यांच्या श्रेयासह नोंदवले. खेड्यातल्या माणसाचे ज्ञान उचलून आपल्या नावावर खपवायचे नाही, ही यातली नैतिक अट मोलाची आहे.

विद्यार्थ्यांचे यशही केवळ नोकरीपुरते का मोजावे? मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचे विद्यार्थी उदय कोटक यांनी १९८५ साली मित्र आणि आप्तांकडून भांडवल जमवून छोटी वित्तसंस्था काढली, तिला २००३ मध्ये बँकेचा परवाना मिळाला. नोकरी मागणारा नव्हे, नोकऱ्या देणारा विद्यार्थी घडला, असे आपण अभिमानाने म्हणतो, ते रास्तच आहे. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेल्या 'कमवा आणि शिका' या परंपरेत, सकाळी वसतिगृहाच्या बागेत किंवा ग्रंथालयात काम करून वाणिज्याची पदवी मिळवणारी मुले आजही आहेत. त्यांचे नाव फलकावर क्वचितच दिसते, कारण त्यांच्या नावापुढे लिहायला मोठा आकडा नसतो.

आता आकड्यांच्या दुसऱ्या फलकाविषयी. २०१० नंतर प्राध्यापकांची बढती निबंधांच्या गुणांशी बांधली गेली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. २०१८ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या एक हजारांहून अधिक नियतकालिकांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्के निकृष्ट किंवा संशयास्पद निघाली. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नावे यादीतून वगळली. स्वतःच्याच क्षेत्रातील लबाडी उघड करणारे हे काम म्हणजे अध्यापकांच्या कामगिरीचा उत्तम नमुना होय. आणि तरीही निबंधांची केवळ संख्या फलकावर मिरवण्याची हौस काही फिटलेली नाही.

या झगमगाटात एक माणूस नेहमी सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा असतो. तो तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आणि वर्ग मात्र याच्या जिवावर चाललेले. हिशेबशास्त्राचे मूलतत्त्व मुलांच्या गळी उतरवणारा हाच, त्यांच्या प्रकल्पांच्या वह्या तपासणारा हाच, मुलाखतीला जाताना टायची गाठ बांधून देणाराही पुष्कळदा हाच. सुट्टीत त्याला मानधन नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तो असेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसते. गुरुपौर्णिमेला व्यासपूजन करणाऱ्या समाजाने आपल्या गुरूला रोजंदारीवर ठेवावे, यापरते दुर्दैव कोणते? ज्या विभागाचा निकाल शंभर टक्के लागतो, त्या विभागातील किती अध्यापक नियमित वेतनावर आहेत, हा आकडाही त्याच फलकावर का लिहू नये?

प्रत्येक विद्यापीठ आपल्या परिसराचे देणे लागते. वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातील महिला बचत गटांची हिशेबवही नीट लावून दिली, बाजार समितीतील एखाद्या शेतमालाच्या दराचा वर्षभर अभ्यास केला, जुन्या पेढीचा किंवा कारागिरांच्या वसाहतीचा इतिहास मराठीत लिहून काढला, तर ती कामगिरीच आहे. गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापड आणि आपले मुंबईचे डबेवाले यांचे वर्णन आज जगभरच्या वर्गांत ऐकवले जाते. डबेवाल्यांवर हार्वर्डच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये अभ्यासपाठ लिहिला. चर्चगेटच्या फलाटावर डबे उतरतात, तेथून सिडनहॅम आणि जमनालाल बजाज या दोन्ही संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

येत्या समारंभासाठी विभागप्रमुखांनी फलकाचा मजकूर छापखान्यात धाडण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांनाच एकदा विचारावे, की या वर्षी तुम्हाला खरोखर शिकवले कोणी? उत्तरात जे नाव येईल ते सर्वांत वर छापावे, मग ते नाव कायम नोकरीतले असो वा तासिकेवरचे.