पोटखराब म्हणजे रिकामी जमीन नव्हे



गेल्या मार्चमध्ये आयसेलिनला मेट्रोपार्क स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भारतातल्या घर-जमिनींचे प्रदर्शन भरले होते. ओक ट्री रोडवरून किराणा घेऊन परतताना सहज डोकावलो. अगदी सहजही नाही. निवृत्तीनंतर कोकणात एक छोटे घर असावे असे आम्हा दोघांच्याही मनात बरीच वर्षे आहे. एका टेबलावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यावरच्या बंगल्यांच्या प्लॉटची माहितीपत्रके होती. मी वनस्पतिशास्त्रातला माणूस, म्हणून सवयीने विचारले, "इथल्या झाडाझुडपांचा सर्व्हे झालाय का?" विक्रेत्या तरुणाने लगेच फाइल उघडली. "झालाय ना सर!" समोर मोजणीचा नकाशा आणि सातबारा. त्यावर नोंद होती पोटखराबाची. "एकदम क्लिअर जमीन आहे सर, काहीच नाही तिच्यावर."

त्या मुलाला काय दोष द्यायचा? आपल्याकडे 'सर्व्हे' म्हणजे मोजणी, आणि पोटखराब म्हणजे लागवडीला अयोग्य. जिच्यातून सारा येत नाही ती जमीन खराब, हा हिशेब इंग्रजांच्या जमाबंदीपासून चालत आला आहे. पिकत नाही म्हणजे तिथे काही उगवतच नाही, असा अर्थ मात्र आपण त्याला नंतर चिकटवला.

जांभ्याचा सडा मे महिन्यात पाहिला तर तापलेला काळा कातळ दिसतो. पहिल्या पावसानंतर तिथेच पांढऱ्या फुलांची दीपकाडी येते; तिची 'डिपकाडी कोंकणेन्स' ही जात कोकणपट्टी सोडून फारशी कुठे सापडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांचे गालिचे पसरतात. यातल्या शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत, कारण इतक्या पातळ मातीत नायट्रोजन पुरत नाही. चार महिन्यांत रुजणे, फुलणे, बी धरणे सगळे उरकायचे आणि उरलेले आठ महिने बी किंवा कंद होऊन वाट पाहायची, असे हे जगणे.

आता सरकारी पद्धत पाहा. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी साधारणपणे 'पावसाळा सोडून एका हंगामाची' आकडेवारी मागितली जाते. हवेच्या प्रदूषणापुरते ते शहाणपणाचे आहे, कारण पावसात धूळ खाली बसते आणि हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. पण तेच वेळापत्रक वनस्पतींना लावले तर सड्यावर काहीच नाही हा निष्कर्ष अगदी प्रामाणिक माणूसही काढेल. शिवाय 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला सहसा ही परवानगीच लागत नाही. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण झाले तेव्हा, एप्रिल 2023 मध्ये, निदान गावातल्या बाया उन्हात बसून प्रश्न विचारत होत्या. बंगल्यांच्या प्लॉटला कोण विचारणार?

आपल्या न्यू जर्सीत 1987 पासून पाणथळ जमिनींचा कायदा आहे, तरी इथेही सगळे आलबेल नाही. 'स्वॅम्प पिंक' ही इथल्या पाणथळीतली वनस्पती 1988 मध्ये केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेली. ती फुलते एप्रिल-मे महिन्यांत. जानेवारीत तिची पाने पालापाचोळ्याखाली दबलेली असतात. दोन्ही देशांत पाहणीचे पैसे सहसा विकासकच देतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी बाजू उपद्रवी वनस्पतींची. जपानी नॉटवीडच्या मुळखंडाचा बोटभर तुकडा भरावाच्या मातीतून गेला तरी नवे झुडूप उभे राहते. कोकणात जमीन उकरली की रानमोडी आणि घाणेरी शिरतात. म्हणून पाहणी बुलडोझरच्या आधी हवी, आणि नंतरही काही वर्षे हवी.

इथे कोणी म्हणेल, "परक्या वनस्पतींवर आपण काय बोलायचे? आपणही इथे परकेच." 2017 मध्ये शेजारच्या एडिसनमध्ये चिनी आणि भारतीय लोक गाव बळकावताहेत अशी पत्रके घरोघर आली होती, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. पण मिरची, बटाटा, काजू हे सारे अमेरिका खंडातून आले आणि आपले झाले. अमेरिकेच्या 1999 च्या अध्यक्षीय आदेशातही केवळ परके मूळ पुरेसे नाही. नुकसान होते किंवा होण्याची शक्यता आहे, हेही पाहावे लागते. जन्मस्थान हा गुन्हा नाही. आणि माणसे म्हणजे तण नव्हेत. ही तुलना करणाऱ्याला तिथेच थांबवले पाहिजे.

मग आपण काय करायचे? आपल्या घरापासून 200 फुटांच्या आत बांधकामाचा अर्ज आला की सुनावणीच्या निदान 10 दिवस आधी सूचनेचे पत्र येते. आपण ते जंक मेलबरोबर फेकतो. त्याऐवजी नगरपालिकेत जाऊन कागद पाहावेत आणि चार प्रश्न विचारावेत: पाहणी कोणत्या महिन्यात झाली? किती दिवस? वनस्पती ओळखल्या कोणी? भरावाची माती कुठून येणार? हेच चार प्रश्न कोकणातल्या प्लॉटलाही लागू आहेत, आणि तिथे तर गिऱ्हाईक आपणच आहोत. आपण विचारले नाही तर विक्रेता कशाला शोधत बसेल?

मुंबईकर मे महिन्यात गावी जातो, आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी मात्र ऐन पावसाळ्यात असते. तिकीट महाग, पाऊस फार म्हणून आपण डिसेंबर गाठतो. ते माहितीपत्रक अजून माझ्या टेबलावर आहे. आम्ही एवढेच ठरवले आहे, की बयाणा देण्याआधी एकदा श्रावणात तो सडा पायी फिरून यायचा. त्यानंतर कदाचित घर बांधावेसे वाटणार नाही, ही तयारी ठेवूनच.